देवाशी नातं हवं, पण मंडळीतल्या कर्तव्यांचं काय करायचं?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हाला तपासता येईल. तुम्ही मूळच्या नगरकडच्या, आजोबा ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक; नोकरी पुण्यात. लहानपणापासून रविवारची भक्ती चुकली नाही. आज कोयर, संडेस्कूल, महिला मंडळ, महिन्याची वर्गणी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातले बुधवारचे उपास आणि प्रार्थना हे सगळं तुमच्या अंगावर आहे आणि यातल्या कशातच देव भेटत नाही. पहाटे गच्चीवर शुभवर्तमान घेऊन एकट्या बसता, तिथे मात्र भेटतो. म्हणून बाकीचं सोडून तेवढंच ठेवावं असं वाटतं. पाळकसाहेबांनी बायबलमधलं इब्री 10:25 दाखवलं, ‘एकत्र मिळणे सोडू नये’. आई म्हणते, लोक काय म्हणतील. मैत्रीण म्हणते, तुमची मंडळी मेलेली आहे, आमच्या फेलोशिपमध्ये ये आणि पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घे. आणि शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: एक रविवार चुकला तरी आठवडाभर काहीतरी वाईट घडेल असं वाटत राहतं.

मला वाटतं, खरी गोम त्या शेवटच्या ओळीत आहे. गच्चीवर भेटणारा देव तुम्हाला जवळचा वाटतो आणि रविवार चुकला की तोच देव काठी घेऊन मागे लागतो. हे दोघं एकाच मनात राहतायत. ही भीती तशीच ठेवून मंडळी सोडली, तर ती जिना चढून तुमच्यामागे गच्चीवर येते. पाळकी केली तेवढ्या वर्षांत हे मी पुष्कळदा पाहिलं. ‘आता मला फक्त प्रभू पुरे’ म्हणून बाहेर पडलेली माणसं थोड्याच दिवसांत स्वतःसाठी नवा कायदा करतात. पाचला उठायचं, तीन अध्याय वाचायचे, वहीत लिहून काढायचे. हळूहळू त्या वहीचा हजेरीपट होतो. एखादे दिवशी डोळा लागला की पुन्हा पोटात गोळा: आज ऑफिसात काहीतरी बिनसणार. मंडळी गेली, कमिटी गेली, पाळकही गेले, गोळा आहे तिथेच.

माझं मत लपवून ठेवत नाही. नातं निवडा. ख्रिस्ताने माणसांना बोलावलं ते नात्यासाठी, याबद्दल मला शंका नाही. पण नातं निवडलं की पहिल्यांदा बदलतं ते आपण कुणाच्या धाकाने काय करत होतो, ते. कर्तव्यांची यादी नंतर बदलते. त्यातली काही कर्तव्यं आपसूक गळून पडतात, काही राहतात, आणि एखादं नवंच समोर येतं, जे बहुधा जुन्यांपेक्षा अवघड असतं.

दोन-तीन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मी प्रॉटेस्टंट मंडळीत पाळकी केली, तेव्हा बोलतो ते त्या चौकटीतून. तुम्ही वसईकडच्या कॅथलिक असता तर रविवारचा मिस्सा हे तिथे चर्चच्या कायद्याने बंधन आहे, आणि तुम्ही तुमच्या धर्मगुरूंशी बोलायला हवं होतं. दुसरं, मंडळीत तुमच्याशी कुणी वाईट वागलं असेल, पैशाचा किंवा अंगचटीचा प्रकार असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा. तिथून उठणं हाच शहाणपणा आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून ते नाही असं धरून चालतो. तिसरं, ती भीती. ती रविवारपुरती असेल तर पुढचं वाचून उपयोग होईल. पण प्रार्थना नीट झाली नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून, एक शब्द चुकला म्हणून परत, क्षमा मागितली तरी मागितल्यासारखी वाटत नाही म्हणून आणखी एकदा, असं दिवसभर चालत असेल तर मनाच्या डॉक्टरांना जरूर भेटा. त्यात विश्वासाची कमतरता नसते. प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात ज्यांच्यापासून झाली ते मार्टिन ल्यूथर जर्मनीत एरफुर्टच्या मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत बसायचे, बाहेर पडले की आणखी एक पाप आठवायचं आणि परत जायचे. त्यांचे वरिष्ठ श्टाउपिट्झ त्यापायी मेटाकुटीला आले होते. आज तसा माणूस माझ्याकडे आला तर त्याच्याबरोबर प्रार्थना करीन आणि डॉक्टरांची चिठ्ठीही हातात देईन.

आता मुद्द्यावर येऊ.

लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय तुम्हाला पाठ असेल. बापाकडून वाटा घेऊन, तो उडवून घरी परतलेल्या उधळ्या पुत्रावर संदेश ऐकत आपण सगळे वाढलो. तुम्ही थोरल्या भावाचा भाग पुन्हा वाचा. तो शेतातून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो आणि तो आत जात नाही. बाप स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तेव्हा तो काय म्हणतो? इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची एक आज्ञा मोडली नाही, आणि तुम्ही मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. घरचा मुलगा, आणि हिशेब गड्याचा. शेतात राबणं ही त्याची चूक नव्हती. बापाने त्याला ‘शेत सोड’ असंही म्हटलं नाही. बाप एवढंच म्हणतो की बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस आणि माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे उद्या सकाळी तो त्याच शेतात जाईल, पण करडाचा हिशेब डोक्यात न ठेवता.

मेथडिस्ट चळवळ उभी करणारे इंग्लिश पाळक जॉन वेस्ली यांची गोष्ट याच्या फार जवळची आहे आणि आपल्याकडे ती अर्धीच सांगतात. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांचा मित्रांचा एक गट होता. बुधवारी आणि शुक्रवारी उपास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, वेळापत्रकाला धरून प्रार्थना. दीक्षित पाळक, पुढे अमेरिकेत जॉर्जियापर्यंत सेवेला जाऊन आलेले. आणि आतून पूर्ण कोरडे, मरणाला भ्यायलेले. 1738 सालच्या 24 मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेत बायबलमधल्या रोमकरांच्या पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं. तिथे त्यांना पहिल्यांदा वाटलं की ख्रिस्ताने माझं, अगदी माझं, पाप काढून घेतलंय. पुढे म्हातारपणी ते आपल्या जुन्या आयुष्याबद्दल म्हणाले की तेव्हाही माझ्याजवळ विश्वास होता, पण तो चाकराचा, पुत्राचा नव्हता. संजीवन सभांमध्ये गोष्ट इथे संपते आणि हात वर करायला सांगतात.

दुसरा अर्धा भाग दोन वर्षांनंतरचा. वेस्ली ज्या फेटर लेनच्या सभेत जात, तिथे मोल्टर नावाचे एक शिक्षक आले. त्यांची शिकवण अशी की ज्याला खरा विश्वास लाभलेला नाही त्याने प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घेऊ नये, मंदिरात म्हणजे चर्चमध्ये जाऊ नये, शास्त्र वाचायची खटपट करू नये. नुसतं स्तब्ध राहावं, देव करायचं ते करील. कर्तव्यं सोडा, नातं येईल. कोरड्या कर्तव्यांनी आयुष्याची इतकी वर्षं खाल्लेल्या माणसाला हे पटायला हवं होतं. वेस्लींना पटलं नाही. 1740 च्या जुलैमध्ये ते आपल्या बाजूची थोडी माणसं घेऊन त्या सभेतून बाहेर पडले. त्यांचं म्हणणं असं की प्रार्थना, शास्त्र, प्रभुभोजन यांनी देव विकत मिळत नाही, पुण्य साठत नाही, हे शंभर टक्के खरं. पण देव भेटतो म्हणून ज्या जागा त्याने स्वतः सांगून ठेवल्यात त्या याच आहेत, मग वाट पाहायची तर तिथेच बसून पाहावी. मला यावरून नेहमी शुभवर्तमानातला आंधळा बार्तीमय आठवतो. यरीहोच्या रस्त्याकडेला बसल्यामुळे त्याला दृष्टी मिळाली असं कुणी म्हणणार नाही. पण येशू त्या रस्त्याने गेला, आणि हा तिथे होता.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते थोड्या वेळात सांगतो. त्याआधी आपल्या घरची दोन माणसं, कारण वेस्ली लांबचे वाटतील.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथल्या मठात मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींनी त्यांना आज्ञाधारकपणा शिकवायचा खूप प्रयत्न केला, आणि रमाबाईंनी कळवून टाकलं की पुरोहितांचं एक जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलंय, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही. एवढी स्वतंत्र बाई. तरीही पुढे आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा हेच आठवलं. पण नंतर काय झालं तेही पाहा. ख्रिस्त मिळाल्यावर त्या गच्चीवर बसून राहिल्या नाहीत. दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभारलं, विहिरी, शेती, छापखाना, आणि 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून. धर्मात असताना कर्तव्यं होती त्यापेक्षा नात्यात आल्यावर कितीतरी वाढली. धाक मात्र कुणाचाच उरला नाही.

दुसरे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. संस्थेला कंटाळले होते, ख्रिस्ताला नव्हते. मग साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसतील असा. गंमत बघा, संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाने पहिली गोष्ट केली ती माणसं जमवायची. नाव ठेवलं तेही दरबार. एकट्याचा दरबार भरत नाही.

तर ताई, तुमच्या यादीकडे वळू. तुम्ही कोयर, संडेस्कूल, महिला मंडळ, वर्गणी, उपवास आणि रविवार हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय आणि त्यावर ‘धर्म’ अशी चिठ्ठी लावलीय. गाठोडं सोडा. यातली निम्मी मंडळीची कामं आहेत. कामं आणि भक्ती यांत आपल्या मंडळ्या फार घोळ घालतात. ज्याला जरा गळा आहे, जरा लिहिता-वाचता येतं, आणि नाही म्हणायची लाज वाटते, त्याच्या डोक्यावर सगळं येऊन पडतं. मग त्याला वाटतं, मी मंदिरात असतो म्हणजे भक्तीला असतो.

एका मंडळीत आमचे एक खजिनदार होते. अर्पणाची थाळी फिरली की ती घेऊन वेदीमागच्या खोलीत जायचे. नोटा सरळ करायच्या, चिल्लर कागदात गुंडाळून वर आकडा टाकायचा, रजिस्टर भरायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. हे होईस्तोवर संदेश संपलेला असे आणि शेवटचं गीत चालू असे. प्रभुभोजनाच्या रविवारी मी वाटी तिकडे खोलीत नेऊन द्यायचो आणि ते एका हातात पेन धरूनच घ्यायचे. अतिशय सचोटीचा माणूस, पैशाचा घोटाळा कधी नाही. बायको गेल्यावर एकदा माझ्याकडे आले आणि म्हणाले, पाळकसाहेब, मला प्रार्थना येत नाही. आयुष्यभर मंदिरात आणि प्रार्थना येत नाही. मी त्यांना ‘जास्त प्रार्थना करा’ असं सांगितलं नाही. खजिना दुसऱ्याकडे द्यायला लावला, आणि मागच्या बाकावर खांबाच्या आडोशाला नुसतं बसायला सांगितलं. गाऊ नका वाटलं तर, उभं राहू नका वाटलं तर, बसा. पहिले काही रविवार त्यांचे हात सारखे खिशाकडे जायचे, पेन शोधायला. मग एका रविवारी 88 वं स्तोत्र वाचलं गेलं. ज्याने ते कधी शांतपणे ऐकलं नाही त्याला धक्का बसतो, कारण ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं; शेवटी कसलीही आशेची ओळ नाही. भक्ती संपल्यावर ते मला म्हणाले, असंही देवाला म्हणता येतं होय? त्यांची प्रार्थना तिथून सुरू झाली.

तुमचंही असंच काहीसं झालंय का, हे तपासा. तुम्ही शेवटच्या कधी बाकावर बसून भक्तीला होतात? कोयरमधल्या माणसाचं लक्ष पुढच्या गीताच्या नंबरावर असतं, पट्टी कुठली, हार्मोनियमवाला आला का. तिथून उठून संडेस्कूल. मंडळीत देव भेटत नाही असं तुम्ही म्हणता. मला शंका येते की तिथे तुम्हाला बसायलाच कुणी दिलेलं नाही.

म्हणून मी सांगेन ते असं. एक कागद घ्या आणि देवाच्या नावाखाली तुम्ही जे जे करता ते लिहा. प्रत्येकासमोर दोन प्रश्न. हे मी केलं हे कुणालाच कळणार नसेल तरी करीन का? आणि हे नाही केलं तर मला कुणाची भीती वाटते, देवाची, आईची, की कमिटीची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहायला वेळ लागतो, घाई करू नका. बहुतेकांच्या कागदावर देवाचं नाव फार कमी वेळा येतं, आणि ते पाहूनच निम्मी भीती उतरते.

मग कोयर सोडा. पुढच्या महिन्यापासून जमणार नाही असं साध्या शब्दांत सांगा, आजारपणाची थाप नको. महिला मंडळाचं पदही सोडा. संडेस्कूल मात्र वर्ष संपेपर्यंत सोडू नका. तिथे मुलं आहेत, त्यांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही, आणि मधेच बाई गायब झालेल्या मुलांना कळतात. वर्गणी चालू ठेवा, निदान सध्या, कारण पैसे बंद करून नाराजी दाखवायची एक वाईट खोड आपल्या मंडळ्यांना आहे आणि तुम्हाला त्यात ओढतील. बुधवारचा उपास तुमच्या कागदावर भीतीच्या रकान्यात आला तर या वर्षी सरळ करू नका. जेवा, आणि जेवताना देवाचे आभार माना. काही वाईट घडत नाही हे एकदा अनुभवाने कळणं तुमच्यासाठी उपासापेक्षा मोलाचं आहे. एक रविवारही जाणूनबुजून चुकवा, याच कारणासाठी. पाळक असं सांगतोय म्हणून चमकू नका.

उरलं काय? रविवारी मागच्या बाकावर बसणं, आणि प्रभुभोजन. हे दोन मी ठेवायला सांगतो, बाकी सगळ्याबद्दल मोकळीक. प्रभुभोजन का, तर तिथे तुम्ही काहीच करत नाही. गात नाही, शिकवत नाही, मोजत नाही. हात पुढे करता आणि कुणीतरी भाकरीचा तुकडा ठेवतं. कर्तव्याने दमलेल्या माणसाला यापेक्षा योग्य दुसरं काय असेल ते मला सुचत नाही. आमच्या मंडळीतल्या एक सिस्टर सरकारी इस्पितळात होत्या, रविवारची ड्युटी कायमची. महिनोन्‌महिने मंदिर नाही, आणि आपण देवापासून दूर गेलो या विचाराने झुरायच्या. खरं तर रात्री तीन वाजता पेशंटचं अंग पुसताना त्यांची जी प्रार्थना चालायची ती ऐकून मला माझ्या प्रार्थनेची लाज वाटायची. मी बुधवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जायचो. ओट्यावरचे डबे बाजूला सारून ताटली ठेवायची. शेजारच्या दोन बायका यायच्या. पाच-दहा मिनिटांत उरकायचं, मग चहा. त्यांना रविवारची सक्ती कुणीही करू नये, आणि त्या ताटलीपासून त्यांना कुणी तोडूही नये.

हेच इब्री 10:25 चं उत्तर आहे. ‘एकत्र मिळणे सोडू नये’ हे वचन गैरहजेरीच्या नोटिशीसारखं वापरलं जातं, पण त्याच्या आधीचं वचन कुणी वाचत नाही. तिथे म्हटलंय, प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी एकमेकांना उत्तेजन येईल असं एकमेकांकडे लक्ष द्या. ते पत्र छळ सोसणाऱ्या माणसांना लिहिलेलं आहे; अशा वेळी एकटं पडलेलं माणूस मोडतं, म्हणून जमा. याच वचनाने मंडळीलाही जाब विचारता येतो: इथे येऊन माझ्याकडे कुणाचं लक्ष जातं का? आणि तुम्हालाही विचारता येतो: तुमचं कुणाकडे जातं का? गच्चीवर तुम्हाला देव भेटतो हे मी पूर्ण मानतो. तिथे एक गोष्ट भेटत नाही, ती म्हणजे न आवडणारं माणूस. येशू पहाटे अंधारात एकांतात जाऊन प्रार्थना करायचा हे मार्कात आहे, आणि शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जायचा हे लूकमध्ये. त्या सभास्थानातल्या लोकांनी त्याला डोंगरावरून ढकलायला नेलं होतं, तुमची कमिटी अजून तिथवर पोचलेली नाही.

आणखी एक. आज गच्चीवर देव भेटतो. एखाद्या वर्षी भेटणार नाही. याची धमकी देत नाही, हे जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येतं. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की या बाईने कित्येक दशकं देव जवळ आहे असं जाणवल्याशिवाय काढली. रोजची प्रार्थना आणि रोजचं काम चालूच होतं. नातं म्हणजे जाणवणं असं पक्कं करून ठेवलंत, तर न जाणवण्याच्या दिवसांत नातं तुटलं असं वाटेल आणि जुनी भीती परत येईल. त्या दिवसांत दुसऱ्या कुणाच्या तोंडची प्रभूची प्रार्थना ऐकत बसण्याचा उपयोग होतो. आपल्याला शब्द नसतात, मंडळीकडे असतात. कर्तव्याचं माझ्या लेखी जे काही मोल आहे ते एवढंच, पण ते थोडं नाही.

मैत्रिणीच्या फेलोशिपबद्दल फार लिहीत नाही. तिथे तुम्हाला जिवंतपणा वाटत असेल तर जरूर जाऊन बसा. पण सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढा. नव्या जागी शुक्रवारचा उपास, रात्रभराची साखळी प्रार्थना आणि पगार हातात येण्याआधीच्या रकमेवर दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, असं सगळं सुरू होतं, आणि कर्तव्य हा शब्द मात्र कुणी उच्चारत नाही. पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नका. बालपणी झालेला तुमचा बाप्तिस्मा तुमच्या भावनेवर उभा नव्हता, म्हणून तो भावना गेल्याने रद्द होत नाही. कुठलाही मोठा निर्णय, विशेषतः मंडळीच्या यादीतून नाव काढणं, पुढच्या ईस्टरपर्यंत थांबवा. आपल्याकडे त्या यादीला लग्न आणि दफनभूमी दोन्ही जोडलेली असतात. आईच्या वयाच्या माणसाला ते आधी दिसतं.

आणि आईबद्दल. ‘लोक काय म्हणतील’ हे त्यांचं शेवटचं म्हणणं आहे असं धरू नका. पाळकाच्या घरात वाढलेल्या मुलीने लोकांचं बोलणं आयुष्यभर ऐकलेलं असतं. कोयर सोडायच्या आधी त्यांना घरी सांगा, मंदिराच्या पायरीवर दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका. मी देवाला सोडत नाही, दमलेय, मागे बसणार आहे, एवढं पुरे. मग त्यांना विचारा, त्या एकट्या असताना काय प्रार्थना करतात. मुलींनी हा प्रश्न आयांना विचारलेला मी फार कमी पाहिलाय. आणि जमलं तर एका पहाटे त्यांना गच्चीवर घेऊन जा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची आधीच नेऊन ठेवा.